गच्चीची किल्ली : कलासंग्रहालयाच्या छताचा एक इतिहास



ज्या शाळेत मी मुळाक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या सभागृहात स्मृतिव्याख्यानासाठी उभे राहण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. मी इतिहासाचा पंडित नाही. चाळीसएक वर्षे मी घरे, शाळा, दवाखाने अशा साध्यासुध्या इमारतींचे नकाशे काढले. त्यामुळे विषय निवडताना मी माझ्या धंद्याच्या अंगणातच राहिलो आहे. तथापि या विषयाचा ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान होत आहे त्या आमच्या ड्रॉइंग मास्तरांशी, आणि आपल्या संस्थेने नुकत्याच केलेल्या एका संकल्पाशी, जवळचा संबंध आहे. तो शेवटी स्पष्ट होईल.

आमच्या वेळी शाळेच्या गच्चीला कुलूप असे. किल्ली शिपाईमामांच्या कमरेला. वर्षातून दोनदा ते कुलूप रीतसर उघडे : मृगाच्या आधी पन्हळी साफ करण्यासाठी आणि १५ ऑगस्टला झेंड्यासाठी. तिसरे उघडणे मात्र मास्तरांचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते शिपाईमामांपुढे नुसता हात पसरीत. मामा कुरकुरत किल्ली देत. आणि आम्ही दहा-बारा मुले पाट्या नि कागद घेऊन मास्तरांच्या मागून जिना चढत असू. वर गेल्यावर राजवाड्याचा माथा, देवळांची शिखरे, कौलांचे उतार आणि वाळत घातलेली नऊवारी लुगडी एकदम दृष्टीस पडत. मास्तर म्हणत, “खाली तुम्हाला घरे दिसतात, वर आल्यावर गाव दिसते.” त्यांनी आम्हाला चित्रकला किती शिकवली हे सांगणे कठीण आहे. पण ज्या जागेवर आपला काही हक्क आहे असे आम्हाला वाटलेच नव्हते, तेथे त्यांनी आम्हाला हक्काने नेऊन बसवले, हे मात्र मी विसरलेलो नाही.

मालव्यातील माणसाला गच्चीचे महत्त्व सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात अंथरुणे गच्चीवर, संक्रांतीला पतंग गच्चीवर, कुरडया-पापड गच्चीवर. बनारसची सकाळ आणि अवधची संध्याकाळ यांच्या जोडीला लोकांनी मालव्याची रात्र बसवली, शब-ए-मालवा म्हटले, ती रात्र अनुभवण्याचे ठिकाण आपल्या पिढीपर्यंत तरी गच्ची हेच होते. आपल्या भाषेतही या जागेला किती नावे : गच्ची, धाबे, माळवद, अगाशी. शेवटच्या शब्दात तर आकाशच ऐकू येते.

मग प्रश्न असा की, घराला जी गच्ची इतकी आपली वाटते, ती सार्वजनिक इमारतीत, विशेषतः कलासंग्रहालयात, लोकांच्या वाट्याला का येत नाही? आणि जेथे आली, तेथे ती कशी आली? या प्रश्नाचा माग मी आज काढणार आहे.

मांडूची गच्ची

आरंभ आपल्या शेजारापासूनच करू. इंदूरहून धारमार्गे मांडूला सहल नेलेली नाही अशी मराठी शाळा आपल्या भागात क्वचितच सापडेल. तेथील जहाज महाल गियासुद्दीन खिलजीच्या काळातील (१४६९ ते १५००) मानला जातो. मुंज तलाव आणि कापूर तलाव यांच्यामधील चिंचोळ्या जमिनीवर सुमारे १२० मीटर लांबीची ही वास्तू पसरली आहे. पावसाळ्यात दोन्ही तलाव भरले की ती पाण्यात नांगरलेल्या जहाजासारखी दिसते, म्हणून हे नाव.

सहलीत मुले खालच्या दालनांत फारशी रेंगाळत नाहीत. ती धावतात ती गच्चीकडे. आणि त्यात त्यांची चूक नाही. त्या वास्तूचा खरा दिवाणखाना वरच आहे. गच्चीवर मंडप आहेत, छत्र्या आहेत, हौद आहे, पाणी खेळवण्यासाठी दगडात कोरलेल्या वेटोळ्यांच्या पन्हळी आहेत. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे जिना. तो दालनांच्या पोटातून लपतछपत चढत नाही. बाहेरच्या अंगणातून रुंद पायऱ्यांनी तो सरळ गच्चीवर जातो. ज्याने ही वास्तू रचली त्याने गच्ची प्रथम मनात धरली आणि खालच्या खोल्या मागाहून, असे मला नेहमी वाटत आले आहे.

१६१७ मध्ये जहांगीर बादशहा मांडूला येऊन राहिला होता. नूरजहानने तेथे दिलेल्या एका मेजवानीच्या रात्री तलावांच्या काठाने आणि इमारतींवर दिवे लावले होते आणि त्यांचे प्रतिबिंब पाण्यात पडले होते, याचे वर्णन त्याने आपल्या आठवणींत उत्साहाने केले आहे. पाणी, रात्र, उंचीवरची मोकळी जागा आणि एकत्र जमलेली माणसे, ही सामग्री आपल्याकडे चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच सिद्ध होती. उणीव एकच होती. ती गच्ची राजाची होती.

छत उजेडाला दिले

कलासंग्रहालय ही संस्था आपल्याकडे आली ती युरोपातून, आणि तिच्या छताचा इतिहास वेगळा आहे. लंडनजवळ डलिच येथे सर जॉन सोन या वास्तुकाराने बांधलेले चित्रदालन १८१७ मध्ये लोकांसाठी उघडले. चित्रांसाठी भिंती हव्यात. भिंतीत खिडक्या काढल्या तर चित्रे टांगायची कोठे? शिवाय खिडकीचा उजेड चित्रावर तिरपा पडून चकाकतो. म्हणून सोनने उजेड वरून घेतला. छताच्या मध्यभागी काचेचे उंच कंदील उभारले. पुढे शंभर वर्षे जगातील बहुतेक चित्रदालने या ना त्या प्रकारे याच वाटेने गेली.

याचा परिणाम काय झाला, ते पाहा. छत उजेडाला देऊन टाकले, तेव्हा माणसांना तेथे जागा उरली नाही. काचेवर कोणी चालू शकत नाही. संग्रहालयाचे छत ही केवळ सफाईवाल्याची जागा झाली. संग्रहालयाची गच्ची लोकांना द्यायची तर प्रथम उजेडाचा प्रश्न दुसऱ्या रीतीने सोडवावा लागतो, हे सूत्र येथे ध्यानात ठेवावे. पुढच्या कथेचा धागा तोच आहे.

पुढे विजेचा दिवा आला, काँक्रीटचे सपाट छत आले. ल कोर्बुझिए या वास्तुकाराने १९२६-२७ च्या सुमारास नव्या वास्तुकलेची पाच सूत्रे मांडली, त्यात छतावरील बाग हे एक सूत्र होते. इमारत जेवढी जमीन खाते, तेवढी तिने आपल्या माथ्यावर परत द्यावी, असा त्याचा हिशेब.

हा हिशेब त्याने संग्रहालयाला लावून पाहिला तो आपल्या शेजारच्या अहमदाबादेत. चिनुभाई चिमणलाल महापौर असताना, १९५१ मध्ये, नगरसंग्रहालयाचे काम त्याच्याकडे आले. साबरमतीच्या पश्चिम काठी पालडीत उभे राहिलेले हे संस्कार केंद्र. इमारत खांबांवर उचललेली. खालून मधल्या चौकात शिरायचे, उताराच्या वाटेने वर दालनांत जायचे आणि शेवटी गच्चीवर. अहमदाबादेत उन्हाळ्यात दिवसा कोण संग्रहालय पाहणार? लोक संध्याकाळी, रात्री येतील, हे त्याने गृहीत धरले होते. गच्चीवर त्याने ४५ कुंडे कल्पिली होती. प्रत्येक ५० चौरस मीटरहून मोठे, त्यात ४० सेंटिमीटर पाणी, आणि पाण्यावर पाने-फुले अशी दाट की ऊन पाण्यापर्यंत पोहोचू नये. निळ्या, तांबड्या, हिरव्या, पांढऱ्या, पिवळ्या फुलांचा पट. खालच्या दालनांना त्या पाण्याने गारवा आणि वर येणाऱ्यांना बाग, असा दुहेरी लाभ.

माझ्यातला हिशेबनीस येथे थोडा थबकतो. ४० सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला ४०० किलो वजन. एका कुंडात वीस टन. पंचेचाळीस कुंडांत नऊशे टन पाणी, तेही ज्याच्या खाली चित्रे आणि हस्तलिखिते ठेवायची अशा छतावर! ती बाग कोर्बुझिएने कल्पिली त्या रूपात कधी फुलली नाही. कारणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. पाणी रोज भरावे लागते, शेवाळ काढावे लागते, डास होऊ द्यायचे नसतात, माळी ठेवावा लागतो. बाग एका दिवसात आखता येते, पण ती रोज राखावी लागते, आणि राखणाऱ्याचा पगार नकाशात काढलेला नसतो. तरीही, संग्रहालयाची सहल गच्चीवर, रात्रीच्या वाऱ्यात संपावी, ही कल्पना मात्र आपल्या हवेशी नाते सांगणारी होती. ती वाया गेली नाही.

दोन परदेशी धडे

पुढील दोन उदाहरणे मी थोडक्यात सांगतो. १९६९ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात एक संग्रहालय उघडले. केव्हिन रोश आणि जॉन डिंकेलू हे त्याचे वास्तुकार, बागेची आखणी डॅन कायली यांची. कला, इतिहास आणि निसर्गविज्ञान अशी तीन दालने एकावर एक पायरीसारखी रचली. खालच्या दालनाचे छत हे वरच्या दालनाचे अंगण झाले. सगळ्या इमारतीवर बाग पसरली. शहराच्या मध्यवस्तीत लोकांना एक टेकडीच मिळाली म्हणा ना.

पण तिला एक व्यंग राहिले. बाहेरून या इमारतीच्या उंच काँक्रीटच्या भिंतीच दिसत. रस्त्याने जाणाऱ्याला आत बाग आहे याचा पत्ता लागेना. अखेर २०२१ मध्ये जवळच्या मेरिट तलावाकडील भिंतीला वाट पाडून बाग त्या बाजूने उघडी करण्यात आली. बावन्न वर्षांनी! गच्ची उत्तम असून भागत नाही. ती आहे हे रस्त्यावरच्या माणसाला दिसावे लागते.

दुसरे उदाहरण पॅरिसच्या पोंपिदू केंद्राचे. रेंझो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स यांनी रचलेले हे केंद्र १९७७ मध्ये उघडले. त्यांनी सरकता जिना इमारतीच्या बाहेरच्या अंगाला, काचेच्या नळीत बसवला. चित्रे पाहायची असोत वा नसोत, कोणीही त्या जिन्याने वर जावे आणि शहर पाहावे. सुरुवातीला त्याला पैसे पडत नसत. लोक लोटले. २००० मध्ये नूतनीकरण होऊन केंद्र पुन्हा उघडले तेव्हा त्या जिन्यालाही तिकीट लागले. जिना तोच राहिला, त्यावरून दिसणारे शहरही तेच. मात्र ज्याला केवळ वर जायचे होते त्याची वाट बंद झाली. एखादी जागा सार्वजनिक आहे की नाही हे वास्तुकार अर्धेच ठरवतो. उरलेले अर्धे नंतरचे व्यवस्थापक ठरवतात.

भोपाळची उतरण

आता मी आजच्या विषयाच्या गाभ्याशी येतो. तो आपल्याच राज्याच्या राजधानीत, शामला टेकडीवर, बड्या तलावाच्या काठी आहे. भारत भवनाचे उद्घाटन १३ फेब्रुवारी १९८२ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. अर्जुन सिंह तेव्हा मुख्यमंत्री होते. शासनातून हे काम नेटाने पुढे नेणारे अशोक वाजपेयी हे हिंदीतील नामवंत कवी. वास्तुकार चार्ल्स कोरिया. कुटुंब मूळचे गोव्याचे, जन्म १९३० चा सिकंदराबादचा, कर्मभूमी मुंबई. नव्या मुंबईची कल्पना ज्यांनी प्रथम मांडली त्या तिघांपैकी ते एक होते. पणजीत मांडवीच्या तीरावरील कला अकादमीही त्यांचीच. २०१५ मध्ये ते निवर्तले.

कोरिया यांचा एक विचार त्यांच्या लेखनात वारंवार येतो : उष्ण हवेच्या देशात पहाटे आणि संध्याकाळी माणसाला बसण्यासारखी उत्तम जागा उघड्या आभाळाखालीच असते, म्हणून मोकळी जागा ही येथे खोलीइतकीच उपयोगाची आहे. पश्चिमेकडे शाळा म्हटले की लाल विटांचे छोटे घर डोळ्यांपुढे येते. आपल्याकडे झाडाखाली बसलेला गुरू, असे ते उदाहरण देत. आमच्या मास्तरांना हे उदाहरण आवडले असते.

भारत भवनाकडे जाणाऱ्याची पहिली प्रतिक्रिया बहुधा निराशेची असते. मी प्रथम गेलो तेव्हा माझीही तीच झाली होती. रस्त्यावरून इमारत अशी काही दिसतच नाही. कमान नाही, घुमट नाही, खांबांची रांग नाही. आत शिरल्यावर कळते की आपण गच्चीवरच उभे आहोत. टेकडीचा उतार तलावाकडे जातो. त्या उतारात दालने रोवली आहेत आणि त्यांची छते पायरीपायरीने तलावाकडे उतरत गेली आहेत. कोणी चढत नाही, सगळे उतरतात. दारातून आलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात. वाटले तर गच्च्यांवरून, हिरवळीवरून, कट्ट्यांवर टेकत थेट पाण्याच्या दिशेने जावे. वाटले तर पायऱ्या उतरून तीन चौकांपैकी एकात शिरावे आणि तेथून दालनांत.

या रचनेचे मर्म थोडे उलगडून सांगतो. इतर ठिकाणी गच्ची हे सहलीचे अखेरचे टोक असते. दमलेला माणूस तेथवर पोहोचेल न पोहोचेल. कोरियांनी ते टोक उचलून आरंभाला आणले. गच्ची हेच अंगण झाले, हाच दरवाजा झाला. चित्रे पाहण्याचे मनात नसलेला माणूसही, जोडपे, म्हातारे गृहस्थ, परीक्षा संपलेली मुले, हे सारे प्रथम गच्चीवरच येतात. आणि मग कधी तरी, खालच्या चौकातून ढोलाचा आवाज आला म्हणून, कधी नुसत्या सावलीच्या ओढीने, दोन पायऱ्या उतरतात. आपल्याकडे चित्रदालनाच्या दारात सामान्य माणूस बिचकतो, चपला काढाव्यात की काय या विचारात पडतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. येथे त्याला दार ओलांडल्याचे जाणवतच नाही.

मग सोनचा जुना प्रश्न : लोक छतावर चालणार, तर दालनांना उजेड कोठून? कोरियांनी त्याची विभागणी केली. मोठा उजेड चौकांतून आडवा येतो. चौकाकडच्या रुंद दारांना दुहेरी झडपा आहेत : आत काच आणि हवेसाठी उघडणारी तावदाने, बाहेर रात्री बंद करायची भक्कम लाकडी दारे. वरचा उजेड दोन ठिकाणांहून घेतला आहे. गच्चीच्या कठड्यांच्या कडेने अरुंद फटी ठेवल्या आहेत. आणि काही ठिकाणी काँक्रीटची मोठाली नळकांडी आकाशाकडे तोंड करून उभी आहेत. चालणाऱ्याच्या पायाखाली काच कोठेच येत नाही. कठडा तर गच्चीला लागतोच. त्याच कठड्याच्या कुशीतून उजेड खाली सोडला. आमच्या धंद्यात यालाच शहाणपण म्हणतात.

वास्तूइतकेच महत्त्व आत काय ठेवले याला आहे. रूपंकर या कलासंग्रहालयाची जबाबदारी चित्रकार जे. स्वामिनाथन यांच्याकडे होती, रंगमंडलाची ब. व. कारंत यांच्याकडे. स्वामिनाथन यांनी तरुण कलावंतांना गावोगाव, पाड्यापाड्यांवर पाठवले आणि आदिवासी कलावंतांची कामे शहरी चित्रकारांच्या बरोबरीने मांडली. पाटणगढचे गोंड कलावंत जनगढसिंह श्याम त्यातूनच जगापुढे आले.

पण मला आज सांगायची आहे ती भूरीबाईंची गोष्ट. झाबुआ जिल्ह्यातील पिटोल गावच्या या भिल्ल बाई. झाबुआ आपल्या इंदूरच्या अंगणातलाच. तेथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शहरांत घमेली वाहायला येत आली आहेत. भूरीबाई भोपाळला मजुरीसाठी आल्या आणि भारत भवनाच्याच बांधकामावर कामाला लागल्या. तेथे स्वामिनाथन यांनी त्यांना, तुम्ही आपल्या घरी भिंतीवर जे काढता ते येथे कागदावर काढाल का, असे विचारले. त्यांनी काढले, आणि त्या कामाचे पैसे त्यांना मिळाले. २०२१ मध्ये भारत सरकारने भूरीबाईंना पद्मश्री दिली.

ही गोष्ट गोड शेवटासाठी सांगण्याची नाही. त्या इमारतीवर काम करणाऱ्या इतर शेकडो हातांना असे कोणी विचारले नाही, हेही तितकेच खरे. तरीही इमारत कोणासाठी, हा प्रश्न ती बांधून होण्यापूर्वीच, घमेले वाहणाऱ्या बाईला उद्देशून विचारला गेला, असे उदाहरण आपल्या देशात विरळा आहे. जी माणसे गच्ची बांधतात त्यांना ती पूर्ण झाल्यावर तेथे पाय ठेवता येतो का, ही माझ्या मते सार्वजनिक गच्चीची खरी कसोटी.

माझी एक चूक

इतरांच्या इमारतींविषयी इतके बोलल्यावर स्वतःच्या चुकीविषयी मौन पाळणे बरे नव्हे. नव्वदच्या दशकात एका संस्थेसाठी मी लहानसे कलादालन बांधले. गावाचे आणि संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण दोष माझा होता. भारत भवन पाहून मी भारावलेला होतो. नकाशात मी गच्चीवर बाग रंगवली, बाके काढली, माणसेही काढली. कार्यकारिणीने टाळ्या वाजवल्या.

चुका तीन झाल्या. पहिली वजनाची. भारतीय मानकांनुसार वापरात असलेल्या साध्या गच्चीसाठी चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरतात; जेथे खुर्च्या न मांडलेला जमाव उभा राहणार तेथे सुमारे ५००. खर्च आटोपण्यासाठी मी पहिला आकडा धरला. वर फूटभर मातीची बाग करायची तर भिजलेली माती एकटीच चौरस मीटरला ५०० ते ६०० किलो भरते. बाग कुंड्यांवर आली, आणि पहिल्याच कोजागिरीला गाण्याचा कार्यक्रम ठरला तेव्हा, शंभराहून अधिक माणसे वर नेऊ नका, असे मलाच हात जोडून सांगावे लागले.

दुसरी चूक पाण्याची. दोनशे चौरस मीटरच्या गच्चीवर पाच सेंटिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होते. त्याला वाट हवी, उतार हवा. दहा मीटरला निदान दहा सेंटिमीटर. कोबा मी नीट घालून घेतला होता, पण बाकांचे पाय रोवण्यासाठी मागाहून तोच फोडला गेला, आणि मी तेथे उभा असूनही हरकत घेतली नाही. तिसऱ्या पावसाळ्यात एका चित्रावर ओल उतरली.

तिसरी चूक सर्वांत मोठी, आणि तिला पैसा कारण नव्हता. जिना मी आतून काढला, कार्यालयाच्या शेजारून. गच्चीवर जाणाऱ्याला कारकुनाच्या टेबलासमोरून जावे लागे. “कोठे निघालात?” असा एक प्रश्न पुरतो. ओलीचे निमित्त झाले, दाराला कुलूप लागले. दहा वर्षांनी मी गेलो आणि गच्ची पाहू का म्हणून विचारले, तेव्हा किल्ली कोणाकडे आहे हेच कोणाला सांगता येईना. मला त्या वेळी शिपाईमामा आठवले. त्यांच्याकडे किल्ली निदान होती.

संस्थेपुढे एक विनंती

मास्तरांची जलरंगातील चित्रे संस्थेने इतकी वर्षे जिवापाड जपली. आता नव्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्यांचे दालन करण्याचा संकल्प सोडला आहे आणि त्यासाठी माजी विद्यार्थ्यांकडून निधी जमतो आहे. तिचा नकाशा मला आपुलकीने दाखवण्यात आला. दालन सुरेख आहे. त्यावरच्या भागावर नकाशात फक्त दोन शब्द लिहिले आहेत : पाण्याची टाकी.

माझी विनंती अशी की, ते दोन शब्द खोडावेत असे नाही, पण टाकी एका कोपऱ्यात सरकवावी आणि उरलेली गच्ची मुलांना द्यावी. त्यासाठी आजच तीन गोष्टी ठरवाव्या लागतील. नंतर ठरवता येणार नाहीत. तुळया आणि खांब जमावाच्या वजनाला पुरतील असे आताच धरावे. खर्च वाढेल, तो आम्ही माजी विद्यार्थी उचलू, निदान मी माझा वाटा येथे जाहीर करतो. उजेडासाठी छताच्या मध्यभागी काच बसवण्याचे योजले आहे. ती न बसवता तो उजेड कठड्याच्या कडेने घ्यावा. आणि जिना पटांगणातून, उघड्यावरून, मुख्याध्यापकांच्या खोलीवरून न जाता वर न्यावा. मांडूत तो तसाच आहे.

काळजी मी समजू शकतो. मुले पडतील, पतंग उडवतील, नावे कोरतील. कठडा मीटरभराहून उंच करावा, सुट्टीच्या वेळी शिक्षक असावेत. पण भीतीचे उत्तर कुलूप असेल तर मग वर्गांनाही कुलूपच लावावे लागेल.

मास्तर गेले त्या वर्षी मी त्यांना शेवटचा भेटलो. हात थरथरत होता, ब्रश सुटला होता. त्यांनी विचारले ते एवढेच, “गच्ची उघडी आहे का रे शाळेची?” मी, हो आहे, असे म्हणालो. ते खरे नव्हते. आज इतक्या वर्षांनी, आपणा सर्वांसमक्ष, ते खरे करण्याची संधी मागतो आहे.